पहिल्या पगाराआधी काय शिकवावे आणि कसे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून बारावी किंवा आयटीआय झालेली मुले-मुली दरवर्षी कामाच्या शोधात निघतात. कोणी जळगावच्या एमआयडीसीत चटई, पाइप किंवा डाळ मिलमध्ये लागतात, तर कोणी थेट पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यांची वाट धरतात. हातात कसब असूनही त्यांतील अनेक जण कागदपत्रे, फोनवरचे बोलणे आणि पगाराचा हिशेब या तीन ठिकाणी अडतात. हे विषय व्याख्यानातून शिकवता येत नाहीत, असे माझे ठाम मत आहे. गावच्या वाचनालयात सुटीच्या दिवशी आठ-दहा जणांना बसवावे आणि प्रत्येक गोष्ट ज्याची त्याच्याकडून, त्याच्याच कागदांवर करून घ्यावी.

पहिली बैठक कागदपत्रांची असावी. आधार, पॅन, बँकेचे पासबुक, दहावीचे प्रमाणपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला समोर मांडून प्रत्येकावरील नाव व जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवून पाहायला सांगावे. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी असते, आधारवर बहुधा नाव आधी येते, कुठे वडिलांचे नाव गळालेले असते. ही तफावत नोकरी लागल्यावर भविष्यनिर्वाह निधीचे खाते काढताना नडते, म्हणून दुरुस्तीचा अर्ज आधीच करून घ्यावा. बँकेच्या शाखेचा आयएफएससी कोड पासबुकातून उतरवून घ्यायला लावावा: तो अकरा अक्षरांचा असतो आणि पाचव्या जागी नेहमी शून्य असते, तिथे इंग्रजी ‘ओ’ लिहिण्याची चूक सर्रास होते. मूळ प्रमाणपत्रे दाखवावीत, पण कोणाकडे ठेवू नयेत, आणि नोकरी देण्यासाठी पैसे मागणाऱ्याला तिथेच नकार द्यावा, हेही याच बैठकीत सांगावे.

फोनवर बोलण्याचा सराव मात्र अनेक दिवस चालू ठेवावा लागतो. दोघांना एकमेकांकडे पाठ करून बसवावे, एकाने कंपनीतला अधिकारी व्हावे, दुसऱ्याने म्हणावे, “नमस्कार सर, मी भुसावळहून बोलतोय, फिटरच्या जागेसाठी अर्ज केला होता, मुलाखतीची वेळ विचारायची होती.” समोरच्याने मुद्दाम घाईत उत्तर द्यावे, म्हणजे तारीख, वेळ आणि पत्ता लिहून घेऊन पुन्हा वाचून दाखवण्याची सवय लागते. घरी अहिराणी बोलणारी मुले येथे बिचकतात. त्यांची बोली सुधारण्याच्या भानगडीत शिकवणाऱ्याने अजिबात पडू नये. आधी अहिराणीतच सगळे सांगू द्यावे, मग तेच प्रमाण मराठीत म्हणवून घ्यावे, कारण सांगायचे काय हे एकदा पक्के झाले की भाषा बदलणे सोपे जाते. कामावर पोहोचायला उशीर होणार असेल, तर कामाची पाळी सुरू होण्याआधी कळवण्याचा फोनही असाच घोटून घ्यावा, कारण भुसावळ-जळगाव रेल्वेने ये-जा करणाऱ्यांवर ती वेळ येतेच.

सर्वाधिक वेळ पगारपत्रकाला द्यावा. फळ्यावर एक उदाहरण मांडावे: मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १२,००० रुपये, घरभाडे भत्ता २,००० रुपये, एकूण १४,००० रुपये. भविष्यनिर्वाह निधीची कपात १२,००० रुपयांच्या १२ टक्के, म्हणजे १,४४० रुपये; ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल तर एकूण १४,००० रुपयांच्या ०.७५ टक्के, म्हणजे १०५ रुपये. आणि पुरुष कामगाराचा व्यवसाय कर २०० रुपये. हातात १२,२५५ रुपये पडतात. महिलांना दरमहा २५,००० रुपयांपर्यंत व्यवसाय कर नाही, त्यामुळे त्याच पगारात मुलीच्या हाती १२,४५५ रुपये यायला हवेत, हा फरक मुलींकडूनच काढून घ्यावा. नंतर आकडे बदलून प्रत्येकाला स्वतंत्र गणित द्यावे. कापलेली रक्कम खरोखर खात्यात जमा झाली का, हे यूएएन हा भविष्यनिर्वाह निधीचा बारा अंकी क्रमांक वापरून उमंग ॲपवर पाहता येते. ही तपासणी दर महिन्याला करावी, एवढे त्यांच्या मनावर ठसायलाच हवे.

पैशांच्या सुरक्षिततेबाबत एकच नियम पाठ करून घ्यावा: यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

बाहेरगावी राहणाऱ्यांना, विशेषतः मुलांना, वरण-भात, खिचडी आणि भाकरी करता आली पाहिजे. आपल्याकडे हे काम मुलींचे समजले जाते, आणि मग चाकणच्या खोलीवर राहणाऱ्या मुलाच्या पगाराचा बराच भाग खानावळीत जातो. महिनाभर घरच्या किराण्याची वही त्यालाच लिहायला द्यावी आणि आठवड्यातून एकदा घरच्या सगळ्यांचा स्वयंपाक त्याच्याकडे सोपवावा. भाडेकरार सही करण्यापूर्वी पूर्ण वाचायला शिकवावे आणि अनामत रकमेची पावती मागायला लावावी. रुजू झाल्यावर पहिले पगारपत्रक घेऊन प्रत्येकाने पुन्हा वाचनालयात यावे, किंवा बाहेरगावी असल्यास त्याचा फोटो पाठवावा, आणि ते गटासमोर ओळीने वाचले जावे.