कॅसेट न फुंकता

माळा आवरताना पत्र्याच्या पेटीत व्हिडिओ गेमची पिवळी कॅसेट सापडली. वर '९९९९ इन १', शेजारी झिजलेला मारिओ. सातवीतल्या भाच्याने ती उलटीपालटी करून विचारलं, "मामा, हे लावायचं कशात?" टीव्हीला जोडायचं आमचं गेमचं यंत्र, समुराई, केव्हाच भंगारवाल्याकडे गेलंय. तासाभरात अ‍ॅडॉप्टर असा तापायचा की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "बंद कर ते, वास येतोय!" आता भाच्याला म्हटलं, लॅपटॉप आण.

कॅसेटचे गेम लॅपटॉपवर खेळणं जमतं कसं ते आधी सांगतो. समुराई, लिटल मास्टर वगैरे म्हणजे निन्टेन्डो कंपनीच्या १९८३च्या फॅमिकॉम या जपानी गेम-यंत्राच्या नकला. त्या मूळ यंत्राचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा आणि मेमरी २ केबी. एम्युलेटर म्हणजे त्या यंत्राची हुबेहूब बतावणी करणारा प्रोग्राम. वेबअसेम्बली या तंत्रामुळे हे प्रोग्राम ब्राउझरमध्येच पळतात, इन्स्टॉल काही करावं लागत नाही. साधा ऑफिसचा लॅपटॉपही पुरतो.

मी एम्युलेटरजेएस नावाचा एम्युलेटर वापरतो. त्याच्या साइटवर डेमोचं पान आहे, तिथे गेमची फाइल ओढून टाकायची. ही फाइल कुठे अपलोड होत नाही, तुमच्याच ब्राउझरमध्ये उघडते. यंत्र विचारलं तर एनईएस निवडायचं, फॅमिकॉमचाच तो परदेशी अवतार. फाइलच्या नावाच्या शेवटी 'डॉट एनईएस' हवं. 'डॉट ईएक्सई' दिसलं की तिथेच थांबा, ती गेमची फाइल नव्हे. आकारावरूनही कळतं: पहिला सुपर मारिओ जेमतेम ४० केबीचा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या 'शुभ सकाळ'च्या फुलांना त्याहून जास्त जागा लागते.

पहिला गेम म्हणून मी नोव्हा द स्क्विरल घेतला. तो एनईएससाठीच अलीकडच्या काळात लिहिलेला, मुक्त परवान्याचा आणि फुकट गेम आहे. अशा नव्या गेमना होमब्रू म्हणतात. चालू केला तर आवाज नाही. घाबरू नका, पानावर एकदा क्लिक होईपर्यंत ब्राउझर आवाज अडवून धरतो. बाण म्हणजे दिशा, झेड म्हणजे ए, एक्स म्हणजे बी, एंटर म्हणजे स्टार्ट. नाही पटलं तर खालच्या पट्टीतून बदलता येतं.

खरी मारामारी दोघं खेळायला बसलो तेव्हा झाली. एकाच कीबोर्डवर दोघं. मी उजवीकडे पळत उडी मारतोय, त्याच क्षणी भाचा गोळी झाडतोय, आणि माझा गडी हवेतच अडकल्यासारखा. भाच्याला वाटलं मी रडीचा डाव खेळतोय. दोष कीबोर्डचा होता. स्वस्त कीबोर्डला एका वेळी दाबलेल्या तीन-चार कळांची काही जुळणी ओळखताच येत नाही. शेवटी दोन यूएसबी पॅड आणले. पॅड जोडल्यावर 'दिसतच नाही' म्हणून केबल काढघाल करू नका, त्यावरचं एखादं बटण दाबल्याशिवाय ब्राउझर त्याला ओळखच देत नाही. आणि ब्लूटूथ इअरफोन बाजूला ठेवा. उडी आधी, 'टुंग' नंतर, असं होतं.

दोन दिवसांनी भाचा म्हणाला, "ते ठीक आहे, पण कॉन्ट्रा कुठाय?" आणि इथून कायदा सुरू होतो.

एम्युलेटर बेकायदा नाही. सोनीने प्लेस्टेशनच्या एम्युलेटरवरून कनेक्टिक्स कंपनीला कोर्टात खेचलं होतं; २०००मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किट न्यायालयाने कनेक्टिक्सच्या बाजूने कौल दिला. अडचण आहे ती रॉमची, म्हणजे कॅसेटमधल्या मजकुराच्या नकलेची. २०१८मध्ये निन्टेन्डोने अशा नकला वाटणाऱ्या साइट्सवर दावा लावला आणि १ कोटी २० लाख डॉलरच्या वरचा निकाल पदरात पाडून घेतला.

आपल्याकडे १९५७चा कॉपीराइट कायदा आहे आणि त्यात प्रोग्राम हा साहित्यकृतीत मोडतो. म्हणजे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. मारिओ १९८५चा, म्हणजे गेम आला तेव्हापासून मोजली तरी ६० वर्षं अजून भरलेली नाहीत. त्यामुळे 'जुना झाला, आता कोण विचारतो' हे कायद्यात बसत नाही. उलट कलम ६३-बी म्हणतं की चोरीची प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरणं हाही गुन्हा. धंद्यासाठी किंवा कमाईसाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंडावर भागवू शकतं. घरात मारिओ खेळणाऱ्याला पोलीस उचलतील असं मी म्हणत नाही. पण 'डाउनलोड केलं तर चालतं' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे कलम वाचलेलं नसतं.

आता सगळ्यांचा लाडका युक्तिवाद: "माझ्याकडे लहानपणी कॅसेट होती, म्हणजे माझा हक्क आहे." याला कायद्यात थोडा आधार आहे, नाही असं नाही. कलम ५२ म्हणतं, स्वतः कायदेशीर मिळवलेल्या प्रतीवरून स्वतःच्या, बिगरव्यापारी वापरासाठी प्रोग्रामची नक्कल करता येते. माझा जीव भांड्यात पडला. मग त्या पिवळ्या कॅसेटकडे पाहिलं. कायदेशीर मिळवलेली? ९९९९ गेम एका कॅसेटमध्ये, तेही बाजारातल्या दुकानात किरकोळ पैशांत! त्यातले खरे गेम विसेक. बाकी तेच, कुठे सुरुवात तिसऱ्या लेव्हलपासून, कुठे नाव बदललेलं. तिच्यातला एक पैसाही निन्टेन्डोकडे किंवा कॉन्ट्रावाल्या कोनामीकडे गेला नसणार. आपल्यापैकी बहुतेकांचं बालपणच पायरेटेड होतं. त्याच्या जोरावर आज हक्क सांगता येत नाही, आणि हे मला त्या दंडापेक्षा जास्त लागलं.

मग रस्ते उरतात तीन. पहिला होमब्रूचा. मायक्रो मेजेस (२०१९) विकत घ्या, त्यात रॉमची फाइल रीतसर मिळते, आणि ती मारिओइतक्याच ४० केबीत बसवली आहे. चौघं खेळू शकतात. निन्टेन्डोच्या हातात धरायच्या गेम बॉयसाठी टोबू टोबू गर्ल हा गेम फुकट आहे. दुसरा रस्ता, मूळ कंपनीचा संच. कॉन्ट्रासाठी कोनामीचा २०१९चा अ‍ॅनिव्हर्सरी संच आहे, पीसीवरही चालतो. ब्राउझरमध्ये नाही, पण भाच्याचं तोंड बंद झालं. तिसरा माझ्यासारख्या हौशी माणसांचा: खरी कॅसेट मिळवायची आणि डंपर नावाच्या यंत्राने आपणच फाइल काढायची. जपानला असलेल्या मित्राने जुन्या बाजारातून एक्साइटबाइक या गेमची मूळ कॅसेट आणली. फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना आणि एनईएसच्या कॅसेटला ७२, तेव्हा डंपर घेताना कन्व्हर्टर विसरू नका. मी विसरलो. पिना फुंकायच्या नाहीत, थुंकीने गंजतात. इतकी वर्षं आपण चुकीचं करत होतो. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसायचं.

काही साइट उघडल्या की आधीच हजार गेम तयार दिसतात, त्यांचं काय? परवानगी कुणी दिली, ते बहुतेक ठिकाणी लिहिलेलंच नसतं. इंटरनेट आर्काइव्ह हे ऑनलाइन ग्रंथालय संग्रहाच्या हेतूने जुने गेम ब्राउझरमध्ये चालवतं. त्या कामाबद्दल मला आदर आहे. पण संग्रहालयात ठेवलं म्हणजे मालकाने हो म्हटलं असं होत नाही. अशा जतन केलेल्या गेमना दुरूनही हात लावता यावा ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२४मध्ये नाकारली.

आणि सेव्हचं सांगतो, कारण त्यावरून आमच्याकडे रडारड झाली. एम्युलेटरजेएसच्या सेटिंगमध्ये सेव्ह स्टेट, म्हणजे खेळ जिथे थांबवला त्या क्षणाची नोंद, कुठे ठेवायची ते निवडता येतं: फाइल म्हणून डाउनलोड, किंवा ब्राउझरमध्येच. भाच्याने दुसरं निवडलं, वर बंद करताच सगळं पुसून टाकणाऱ्या इन्कॉग्निटो खिडकीत खेळला, कारण आईला हिस्टरीत दिसू नये. शेवटच्या बॉसच्या दारात सेव्ह केलं, खिडकी बंद केली, जेवायला गेला. परत आला तर सगळं पहिल्यापासून. मी म्हटलं, आमच्या काळी लाइट गेली की असंच व्हायचं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने सेटिंग डाउनलोडवर नेलं.