जुन्या फ्रेंच गाडीचं मॅन्युअल वाचताना या चुका टाळा

मॅन्युअल उघडण्याआधी बॉनेट उघडा आणि ओळखपट्टी शोधा. जुन्या रेनोवर ती अनेकदा लंबगोल असते, त्यावर टाइप आणि फॅब्रिकेशन नंबर असतो. नुसतं 'रेनो 4' किंवा (सिट्रोएनची) 'डीएस' एवढ्यावर पान निवडणं ही पहिली आणि सगळ्यात महाग चूक. ही मॉडेलं वर्षानुवर्षं बनत राहिली आणि आतून बदलत गेली.

डीएसचंच बघा. 1955 ते 1975 एवढा तिचा काळ. आधी हायड्रॉलिक यंत्रणेत (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) लाल एलएचएस तेल होतं, 1966 च्या सप्टेंबरपासून फ्रान्समधल्या गाड्यांत हिरवं एलएचएम आलं. एकाच्या जागी दुसरं ओतलं की रबरी सील खराब होतात, आणि सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक सगळं त्याच तेलावर चालतं. एलएचएमचे भाग हिरवे रंगवलेले असतात, जुने काळे. निव्वळ वर्षावर भरवसा ठेवू नका, मधल्या मालकाने भाग बदललेले असू शकतात. सिट्रोएनच्याच टू सीव्हीतही हाच सापळा आहे: 1981 पासून पुढे डिस्क ब्रेक आले आणि त्यांना एलएचएम लागतं, त्याआधीच्या ड्रमवाल्या गाड्यांना साधं ब्रेक ऑइल. टाकीत काय आहे हे बघितल्याशिवाय एक थेंबही घालू नका.

टॉर्कचे, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा याचे, आकडे वाचताना एकक वाचा. फ्रेंच मॅन्युअलमध्ये बऱ्याचदा डेकान्यूटन-मीटर असतं, त्याहून जुन्यांत किलोग्रॅम-मीटर. तिथला 6 म्हणजे तुमच्या टॉर्क पान्यावरचे साधारण 60 न्यूटन-मीटर. तो 6 तसाच लावला तर हेड गास्केट (इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) दाबलंच जात नाही. व्हॉल्व्हच्या फटीचा आकडा थंड इंजिनाचा की गरम, हेही त्याच ओळीत असतं.

हेड काढताना मात्र खरंच सावकाश. यांतल्या बऱ्याच इंजिनांत ओले लायनर (ज्यांत पिस्टन फिरतो त्या सुट्या नळ्या) असतात, म्हणजे पाणी थेट लायनरच्या बाहेरून फिरतं आणि त्याला संपपासून (खालच्या तेलाच्या तबकापासून) अडवणारं सील लायनरच्या बुडाशी असतं. रेनो 5, डीएस, पूजो 205 जीटीआय, सगळ्या याच जातीच्या. हेड सरळ वर ओढलं तर चिकटलेले लायनरही सोबत उचलले जातात. म्हणून मॅन्युअल हेड हलवून, फिरवून सोडवायला सांगतं. त्यानंतर लायनर दाबून धरणाऱ्या पट्ट्या लावल्याशिवाय क्रँक फिरवू नका. ही ओळ लोक हमखास गाळतात, कारण 'हेडच तर बदलायचंय'. मग गाडी जोडून झाल्यावर चार दिवसांनी डिपस्टिकवर दुधाळ तेल दिसतं आणि दोष नव्या गास्केटवर जातो. गास्केट बदलू नका, आधी बुडाच्या सीलचा संशय घ्या.

प्लगच्या वायरी लावल्यावर इंजिन उलटे धडाके देत असेल, तर सिलिंडर पुन्हा मोजा. रेनो, पूजो, सिट्रोएनच्या चार सिलिंडरच्या इंजिनांत पहिला सिलिंडर फ्लायव्हीलच्या बाजूचा. 205 मध्ये इंजिन आडवं आहे, म्हणजे पहिला गिअरबॉक्सकडचा. इतर गाड्यांवर काम केलेला हात सवयीने पुलीकडून मोजायला लागतो.

रेनो 4 च्या दोन बाजूंचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) मोजून वेगळा आला म्हणून चॅसिस वाकलाय असं समजू नका. उजवीकडे तो जवळपास 48 मिलिमीटर जास्त असतो, कारण मागचे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणाऱ्या, पीळ खाणाऱ्या आडव्या दांड्या) एकामागे एक बसवलेत.

हायड्रॉलिक सिट्रोएनची तेलाची पातळी इंजिन चालू ठेवून, गाडी सगळ्यात उंच करून बघतात. खाली बसलेल्या गाडीत बघून तेल भरलंत तर ते कमी पडतं. पाइप सोडण्याआधी रेग्युलेटरचा प्रेशर स्क्रू ढिला करा, आत 150 बारच्या आसपास दाब असू शकतो. आणि उंच उभी गाडी भक्कम दिसली तरी, स्टँड लावल्याशिवाय तिच्या खाली हातसुद्धा घालू नका. दाब गेला की ती खाली येते.