अँग्झायटीच्या जुन्या गोळ्या घरात पडल्यात? या चुका टाळा

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, नाहीतर एस्सिटालोप्राम, यातली अर्धी स्ट्रिप बऱ्याच घरांत कपाटात पडलेली असते आणि रात्री धडधड सुरू झाली की आधी तीच आठवते, मग तारीख उलटलेली दिसली तरी "एका गोळीने काय होतंय" म्हणून घेतली जाते.

तारीख उलटली म्हणजे गोळीचं विष झालं असं सहसा होत नाही. स्ट्रिपवर ०५/२०२६ असेल तर मुदत मेच्या शेवटच्या दिवसापर्यंत असते. अमेरिकेत १९८६ पासून लष्कराच्या साठ्यातली औषधं तपासतात, त्यातली बरीच तारखेनंतरही चांगली निघाली, आणि हे वाचून लोक म्हणतात एक्सपायरी म्हणजे कंपन्यांचा धंदा. अहो पण तो साठा सीलबंद, ठरलेल्या तापमानात ठेवलेला होता! आपली स्ट्रिप असते बाथरूमच्या कपाटात, गाडीच्या डॅशबोर्डवर, विदर्भाच्या ४५ डिग्रीत नाहीतर कोकणातल्या पावसाळी ओलीत, आणि लेबलवर मात्र २५ किंवा ३० डिग्रीच्या खाली, कोरड्या जागी ठेवा असं लिहिलेलं असतं. त्यामुळे तिच्यात जोर किती उरलाय ते आपल्याला कळतच नाही.

खरी भीती इथून पुढे आहे. जुनी गोळी लागू पडली नाही की माणूस दुसरी घेतो, मग नवी स्ट्रिप आली तरी सवयीने दोनच घेतो. वयस्कर माणूस अशा गुंगीत रात्री उठला तर पडून हाड मोडतं, आणि सोबत दारू किंवा कोडीनवालं कफ सिरप असेल तर श्वास मंदावून जीवावर बेततं. शिवाय गोळ्या सुटून बरेच महिने झाले असतील तर शरीराची सवय गेलेली असते, तेव्हा झेपायचा तोच डोस आता जड जाऊ शकतो. एस्सिटालोप्रामचं वेगळंच, ती रोज घेऊन काही आठवड्यांनी परिणाम दाखवते, घाबरल्यावर जुनी एक गोळी घेऊन उपयोग नाही.

याच्या उलटी चूकही तितकीच वाईट. रोज क्लोनाझेपाम चालू आहे, स्ट्रिप एक्सपायर झालेली दिसली म्हणून घाबरून एकदम बंद केली, तर फिट येऊ शकते. चालू स्ट्रिप एक्सपायर झालेली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, स्वतःहून थांबवू नका. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम या बेन्झो गटातल्या गोळ्यांना प्रिस्क्रिप्शन लागतं, त्यातल्या अल्प्राझोलामसारख्या काही तर २०१४ पासून शेड्यूल एच-वन या जास्त कडक यादीत आहेत, त्यांची केमिस्टला रजिस्टरमध्ये नोंदही करावी लागते, म्हणून शेवटच्या गोळीपर्यंत थांबू नका, आठवडाभर आधीच सोय करा.

स्ट्रिप कापून पाच गोळ्या घेतल्या की तारखेचा भाग बरेचदा दुकानातच राहतो. बिल मागा, त्यावर बॅच आणि एक्सपायरी असते, ते रबर लावून गोळ्यांसोबतच ठेवा. गोळ्या सुट्या करून डबीत भरू नका, ०.२५ आणि ०.५ ची सरमिसळ तिथेच होते. जिभेवर विरघळणारी क्लोनाझेपाम असेल तर घ्यायच्या क्षणीच फोडा, ती लगेच दमट होते.

टाकून देताना सगळं फ्लश करू नका. केंद्रीय औषध नियामकाने २०२५ मध्ये फ्लश करायच्या १७ औषधांची यादी दिली, त्यात डायझेपाम आहे, अल्प्राझोलाम नाही. बाकीच्यांसाठी आधी केमिस्टकडे परत घेण्याची सोय आहे का विचारा, नसेल तर ओल्या चहाच्या चोथ्यात मिसळून, पिशवी घट्ट बांधून कचऱ्यात टाका. पण घरात लहान मूल किंवा खूप खचलेलं कुणी असेल तर हे उद्यावर ढकलू नका, चालू गोळ्यासुद्धा कुलपात ठेवा, आणि मध्यरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.