एसटीपीतला डीओ: ब्लोअरचा स्पीड वाढवण्याआधी या चुका टाळा

सोसायटीच्या एसटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटला, वास यायला लागला की पहिला हुकूम सुटतो, "दोन्ही ब्लोअर चालू करा." टाकीत हवा सोडणारी ही यंत्रं चालतात, वीजबिल वाढतं, वास मात्र तसाच. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे डीओ, नुसत्या सोडलेल्या हवेवर ठरत नाही. टाकीतले घाण खाणारे जीवाणू तो किती खातात यावरही ठरतो.

सर्वांत घातक चूक म्हणजे मोठा आकडा बघून खूश होणं. साधारण २ मिलिग्रॅम प्रति लिटर पुरे. तेवढीच हवा चालू असताना २ दाखवणारं मीटर अचानक ५-६ दाखवू लागलं, तर जीवाणू मेल्याची शंका घ्या. पाण्याच्या टाक्या धुतल्यावरचं ब्लीचिंग किंवा भरपूर ॲसिड एकदम आत आलं की असं होतं. ऑक्सिजन आहे, खाणारं कोणी नाही. तेव्हा ते ॲसिड-ब्लीचिंग आधी थांबवा, मग चांगल्या चालणाऱ्या प्लांटमधला जिवंत जीवाणूंचा गाळ आणून टाका.

उलट डीओ ०.५ च्या खाली अडकला असेल तर आधी टाकीकडे बघा. बारीक बुडबुडे सगळीकडे सारखे येत असतील तर डिफ्यूझर, म्हणजे तळाशी बुडबुडे सोडणारे सच्छिद्र रबराचे भाग, ठीक. एकाच कोपऱ्यात मोठा उमाळा आणि बाकी टाकी शांत, तर बहुधा तिथलं रबर फाटलंय. प्रेशर गेजचा काटा महिनोन् महिने चढत असेल तर छिद्रं चोंदताहेत. हे सगळं ठीक असेल तर एक लिटरच्या सिलिंडरमध्ये नमुना ३० मिनिटं ठेवा. गाळ नेहमीपेक्षा बराच वर थांबला तर तो जास्त साठलाय किंवा फुगलाय. साठलेला गाळ न काढता हवा वाढवत राहणं म्हणजे पैसे पाण्यात.

नमुना बाटलीत भरून ऑफिसात मोजू नका. जीवाणू वाटेतही ऑक्सिजन खातात, आकडा काही मिनिटांत घसरतो. प्रोब टाकीतच सोडा आणि आधी पुसून घ्या. त्यावर शेवाळी थर चढला की मीटर खोटं बोलतं.

वीज वाचवायला रात्रभर ब्लोअर बंद ठेवू नका. गाळ तळाला बसून काळा पडतो. लोब ब्लोअरची (दर फेऱ्याला ठरावीक हवा ढकलणाऱ्या ब्लोअरची) हवा कमी करायला त्याच्या बाहेर जाणाऱ्या हवेचा डिलिव्हरी वॉल्व्हही आवळू नका, प्रेशर चढून मोटर तापते. त्यासाठी व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण, लावा.

अमोनिया उतरत नसेल तर मात्र हवा खरंच कमी पडत असू शकते: त्यातल्या १ ग्रॅम नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला सुमारे ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. पण ॲनॉक्सिक टाकीत (जिथे हवा न सोडता जीवाणूंकडून नायट्रेट काढतात) परत जाणाऱ्या पाण्यात डीओ जास्त नको, नाहीतर तिथले जीवाणू नायट्रेट सोडून आधी तोच ऑक्सिजन वापरतात.