मिस्सेत हात कधी जोडायचे, गुडघे कधी टेकायचे

वसईत मराठीतून होणाऱ्या मिस्सेला, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या मुख्य उपासनेला, लग्नाच्या निमित्ताने प्रथमच गेलात किंवा बऱ्याच वर्षांनी पुन्हा गेलात, तर पहिला गोंधळ हातापायांचा होतो. उभं राहणं, बसणं, गुडघे टेकणं हे पुढच्या बाकावरच्यांबरोबर करा. सगळे एकाच वेळी उठतात-बसतात, ती जमलेल्यांच्या ऐक्याची खूण मानली जाते. बाकीच्या खुणा सावकाश, पण पूर्ण करा.

दारात उजव्या हाताची बोटं पवित्र पाण्यात बुडवून क्रुसाची खूण करा: कपाळ, छाती, डावा खांदा, मग उजवा. नाकासमोर हात फिरवून ती उरकू नका. बोटं प्रत्येक ठिकाणी खरोखर टेकू द्या.

पवित्र साक्रामेंत, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानली जाणारी पवित्र भाकर, ठेवलेल्या पेटीजवळ दिवा अखंड तेवत असतो. बाकावर बसण्याआधी तिकडे तोंड करून उजवा गुडघा जमिनीला टेकवा. गुडघे दुखत असतील तर हात जोडून कमरेतून वाका. भारतातल्या ख्रिस्तसभेला (चर्चला) तशी मोकळीक १९६९ मध्येच रोमकडून मिळाली. चपला काढणं, जमिनीवर बसणं, पंचांग प्रणाम हेही त्याच परवानगीत आहे. आपल्या मातीतला नमस्कार वेदीसमोर पोचला, याचं मला फार मोल वाटतं.

पापकबुलीच्या प्रार्थनेत ‘माझ्या अपराधामुळे’ म्हणताना मुठीने छातीवर हलकेच मारतात. शुभवर्तमान (बायबलमधला येशूच्या जीवनाचा भाग) वाचण्यापूर्वी अंगठ्याने तीन छोटे क्रूस काढा: कपाळावर, ओठांवर, छातीवर. देवाचं वचन मनात, मुखात आणि हृदयात राहो, एवढीच त्यामागची विनवणी. विश्वासांगीकारात (श्रद्धेची कबुली देणाऱ्या प्रार्थनेत) येशूच्या मानवी जन्माचे शब्द आले की वाका; नाताळात आणि २५ मार्चच्या, मरियेला येशूच्या जन्माचा संदेश मिळाल्याच्या सणाला तिथे गुडघेच टेकतात.

भाकर आणि द्राक्षारस यांवर येशूचे शब्द उच्चारले जातात तेव्हा गुडघ्यांवर असावं. फादर ख्रिस्तशरीर उंचावतात, त्या क्षणी डोळे मिटू नका. आपण पाहावं म्हणूनच ते उंचावलेलं असतं. नंतर फादर गुडघा टेकतात तेव्हा मान लववा.

प्रभूच्या प्रार्थनेत फादर हात पसरतात. लोकांनी हात कसे ठेवावेत याचा नियम नाही. मला जोडलेले हातच योग्य वाटतात. शांती देताना शेजाऱ्याला नमस्कार पुरे, बाक सोडून फिरू नये.

ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे ती पवित्र भाकर घेण्याच्या वेळी मात्र नीट लक्ष द्या. आधी मान लववा. जिभेवर घ्यायचा की हातावर, ही निवड तुमची. हातावर घेणार असाल तर आपली नेहमीची प्रसादाची सवय बाजूला ठेवावी लागते. प्रसादाला आपण उजवा हात वर धरतो. इथे डावा तळहात वर, उजवा त्याच्या खाली. कारण उजव्याच हाताने उचलून तो तोंडात घ्यायचा असतो. डावखुऱ्यांनी उलट धरावं. ‘ख्रिस्ताचे शरीर’ हे शब्द ऐकून ‘आमेन’ म्हणा आणि तिथेच, पाठ फिरवण्यापूर्वी सेवन करा. रुमालात बांधून घरी आजीसाठी नेऊ नका. आजारी माणसाला तो हवा असेल तर फादरना सांगा, तो घरपोच नेण्याची रीत आहे. मिस्सेआधी नव्हे, तर प्रसाद घेण्याआधी एक तास पाणी आणि औषधाशिवाय काही खाल्लेलं नसावं.

कॅथलिक नसलेल्यांनी या रांगेत जाऊ नये. जागेवरच बसून राहा आणि बाकावरून बाहेर पडणाऱ्यांना पाय आखडून वाट द्या.