लुटुपुटूची चोरी आणि खरा तपास : आधीची तयारी

चोरीच्या तपासाच्या खेळात गेल्या वेळी मुलांनी काचेच्या पेल्यावरून अंगठ्याचा इतका सुरेख ठसा उचलला होता की रेषा न् रेषा मोजता यावी. मग एका मुलीने विचारलं, "हा कुणाचा?" माझ्याकडे एकाही संशयिताचे ठसे नव्हते. पेला, चिठ्ठी, सांडलेली पांढरी पूड, सगळं मी नीट मांडलं होतं. ते ताडून बघायचं कशाशी, तेच घ्यायचं राहिलं होतं. १० वर्षांच्या २० मुलांची मेहनत तिथेच अडली. म्हणून या यादीची सुरुवात तिथूनच.

तुलनेचे नमुने आधी घ्या. गोष्ट रचण्याच्याही आधी. संशयित चार पुरेत, आणि चारही मोठी माणसं हवीत. कुठल्याही मुलाला चोर करू नका. खेळ संपतो, पण ते नाव त्याला चिकटून राहतं. चौघांच्या दहाही बोटांचे ठसे शाईच्या पॅडवरून पांढऱ्या कार्डावर घ्या आणि प्रत्येकाखाली बोटाचं नाव लिहा. पेन्सिलीची पूड बोटाला चोळून वर चिकटपट्टी दाबायची आणि ती कार्डावर लावायची, ही पद्धत दिसायला स्वच्छ, पण तिथे फसगत होते. वस्तूवर टेकलेल्या बोटाचा ठसा आरशातल्यासारखा उलटा उमटतो, आणि पट्टीने थेट बोटावरून उचललेला सुलटा राहतो. एकात डावीकडे उघडणारा शंख (रेषा ज्या बाजूने येतात त्याच बाजूला वळून परत जातात तो आकार) दुसऱ्यात उजवीकडे उघडतो, मग मुलं खऱ्या चोरालाच सोडून देतात. पट्टीच वापरायची असेल तर ती पारदर्शक प्लॅस्टिकवर चिकटवा आणि मागच्या बाजूने पाहा.

कार्डं हाती आली की मगच चोर निवडा. शंख ६० टक्क्यांहून जास्त बोटांवर सापडतो, कमान (एका बाजूने येऊन मध्ये उंचावून दुसऱ्या बाजूला जाणाऱ्या रेषा) जेमतेम पाच टक्क्यांवर. चौघांच्याही अंगठ्यावर शंखच असेल तर लहान मुलांना फरक दिसणार नाही; ज्याचं चक्र (गोल फिरणाऱ्या रेषा) किंवा कमान इतरांहून वेगळी, तोच चोर. १८९७ साली कोलकात्यात ठशांची कचेरी उघडली. तिथल्या वर्गीकरणाच्या पद्धतीत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या पोलीस अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. त्या सगळ्या पद्धतीचा जीव आधी जमवून ठेवलेल्या कार्डांतच होता. सुटा ठसा बोलत नाही.

आणि मुलांचेही ठसे घ्या. हातमोजे घातले तरी कुणीतरी पेल्याला हात लावतंच. तो ठसा आपल्यातल्याच कुणाचा, हे ओळखून बाजूला काढता आलं पाहिजे. हाही तुलनेचाच नमुना. विसरू नका.

पेला गुळगुळीत हवा, आधी पुसलेला. बोटांच्या टोकांना तेलाच्या ग्रंथी नसतात, म्हणून चोराने कपाळावरून बोट फिरवून मग पेला धरायचा. ग्रॅफाइटची पूड अगदी चिमूटभर घ्या, आणि मऊ ब्रश नुसता टेकवत फिरवा. जास्त पूड पडली की रेषांमधल्या फटी बुजतात आणि ठसा कायमचा जातो. दुसरा पेला तयार ठेवा. तोंडाला मास्क, खाली कागद.

चिठ्ठी गाळणकागदावर, पाण्यात विरघळणाऱ्या काळ्या स्केचपेनाने लिहा. खालून दोन सेंटीमीटरवर जाड ठिपका ठेवा, म्हणजे तेवढीच पट्टी कापून पाण्यात उभी करता येते. पाणी कागदातून वर चढतं तशी काळी शाई तिच्यातल्या वेगवेगळ्या रंगांत फुटते. ठिपका पाण्याच्या वरच राहिला पाहिजे. बुडाला तर शाई पाण्यात उतरते. चौघांची चार पेनं वेगवेगळ्या कंपन्यांची घ्या आणि आदल्या दिवशी चारही पट्ट्या स्वतः करून बघा. दोन शाईंचे रंग सारखेच फुटले तर पेन बदला. चारही पेनं तपासाच्या टेबलावर हवीत. पेनं नसतील तर चिठ्ठीचा उपयोग शून्य.

पूड : खायच्या सोड्यावर व्हिनेगर टाकलं की फेस येतो, मक्याच्या पिठावर आयोडीन टाकलं की निळा-काळा रंग. आयोडीन मोठ्यांच्याच हातात. चाखून बघायचं नाही, हे दोनदा सांगा. इथेही दोन्ही पुडी नाव लिहून शेजारी ठेवा, म्हणजे मुलं ओळखीच्या पुडीवर आधी करून बघतील.

जागेला दोरी लावा. एका वेळी एकच गट आत जाईल. आधी फोटो, मग नकाशा, मग प्रत्येक वस्तूला क्रमांक, आणि हे झाल्याशिवाय काहीही उचलायचं नाही. फ्रेंच गुन्हेतज्ज्ञ एडमंड लोकार यांनी १९१० मध्ये फ्रान्समधल्या लियाँला पोलिसांची प्रयोगशाळा सुरू केली. जिथे स्पर्श होतो तिथे काहीतरी मागे राहतं आणि काहीतरी सोबत जातं, हे त्यांचं म्हणणं मुलांना दोरीबाहेर उभं असतानाच सांगा. आत गेल्यावर कुणी ऐकत नाही.

बाकी पटकन. पुराव्याला कागदी पाकिटं, त्यावर तारीख आणि उचलणाऱ्याचं नाव. जबाब तोंडी, प्रत्येकी पाच मिनिटं. निष्कर्षासाठी अर्धा तास राखून ठेवा, आणि "कशावरून?" हे प्रत्येक गटाला विचारा. हात धुवायला पाणी, साबण.

निघण्याआधी डबा उघडून मोजा : चौघांची कार्डं, मुलांची कार्डं, चार पेनं, दोन पुडी. यातलं एक जरी कमी असेल तर दिवस पुढे ढकला.