रस्त्यावर उतरण्याआधीची तयारी

आपल्या सरकारनं दुसऱ्या देशातल्या युद्धाला शस्त्रं पुरवू नयेत, असं वाटणारी दहा-बारा माणसं एकत्र आली की पहिली चर्चा बहुतेक वेळा मोर्चाच्या तारखेवर होते. तारीख जरा बाजूला ठेवा. आधी मागणी एका वाक्यात लिहून काढा, आणि अशी लिहा की समोरच्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावंच लागेल. ‘जगात शांतता नांदावी’ या वाक्याला कोणताही मंत्री मान डोलावतो आणि पुढच्या कामाला लागतो. भूसुरुंगांविरुद्धच्या मोहिमेनं १९९२ मध्ये काम सुरू केलं. वापर, उत्पादन, साठा आणि हस्तांतरण या चारही गोष्टींवर पूर्ण बंदी, ही तिची मागणी होती. डिसेंबर १९९७ मध्ये कॅनडातल्या ओटावात १२२ देशांनी तशा करारावर सह्या केल्या. त्या मोहिमेतल्या संस्था वेगवेगळ्या विचारांच्या होत्या, पण मागणी साऱ्यांना तोंडपाठ होती. तुमच्या गटातल्या सगळ्यात नव्या माणसाला विचारून बघा. त्याला ती न अडखळता सांगता आली नाही, तर फलक रंगवायला घेऊ नका.

मागणीला होकार देण्याचा अधिकार नेमका कुणाच्या हातात आहे, ते मग शोधायचं. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच ते टाळलं जातं, पण परराष्ट्र धोरणाच्या बाबतीत माझ्या मते यावरच सगळं अवलंबून असतं. शस्त्रनिर्यातीचा परवाना कोणतं खातं देतं, विषय संसदेच्या कोणत्या समितीपुढे येतो, मतदान कधी आहे, कोणते सदस्य अजून कुंपणावर आहेत, हे नावानिशी कागदावर हवं. येमेनच्या युद्धात अमेरिका करत असलेली मदत थांबवण्यासाठी तिथल्या कार्यकर्त्यांनी १९७३ च्या युद्धाधिकार ठरावातली (राष्ट्राध्यक्षांच्या युद्ध करण्याच्या अधिकाराला संसदेचा लगाम घालणाऱ्या कायद्यातली) तरतूद हाताशी धरली आणि एकेका सदस्याच्या मतदारसंघातून फोन करवले. दबाव वाढत असतानाच, नोव्हेंबर २०१८ मध्ये, येमेनमध्ये लढणाऱ्या सौदी आघाडीच्या विमानांना अमेरिकेनं हवेत इंधन पुरवणं बंद झालं. एप्रिल २०१९ पर्यंत दोन्ही सभागृहांनी ही मदत थांबवण्याचा ठराव मंजूर केला. राष्ट्राध्यक्षांनी नकाराधिकार वापरला हे खरं, पण प्रत्येक सदस्याचं मत नोंदलं गेलं आणि पुढच्या लढ्याला ती यादी मिळाली.

संसद हाताबाहेर वाटत असेल, तर धोरणाचं दुसरं टोक आपल्याजवळ कुठे येतं ते पाहा. एखादं बंदर असेल, एखादी बँक असेल, विद्यापीठाची गुंतवणूक असेल. जुलै १९८४ मध्ये डब्लिनमधल्या एका दुकानात गल्ल्यावरच्या तरुणीनं, वर्णभेदाच्या निषेधार्थ, कामगार संघटनेच्या सूचनेनुसार दक्षिण आफ्रिकेतली फळं हाताळायला नकार दिला. तिला निलंबित केल्यावर सहकारी बाहेर पडले, आणि तो संप जवळपास तीन वर्षं चालला. १९८७ मध्ये आयर्लंडच्या सरकारनं दक्षिण आफ्रिकेतून येणाऱ्या फळं-भाज्यांवर बंदी घातली. इतका लांब पल्ला गाठायचा तर संपकऱ्यांच्या घरखर्चाची सोय पहिल्याच आठवड्यात करावी लागते. वर्गणी कोण गोळा करणार, हिशेब कोण ठेवणार आणि तो सगळ्यांना कधी दाखवणार, हे लिहून ठेवा.

ज्यांच्या देशावर बॉम्ब पडताहेत त्यांना विचारल्याशिवाय त्यांच्या नावानं काही करू नका. फोटो वापरायचा का, नाव छापायचं का, व्यासपीठावर बोलायचं का, हे त्यांना ठरवू द्या. तिकडे त्यांचे नातेवाईक असतात आणि इथे छापलेल्या एका नावाची किंमत तिथे कुणीतरी मोजू शकतं. ज्यांच्याकडे या देशाचं नागरिकत्व नाही, त्यांना अटकेचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यांना मागच्या बाजूची, पण खऱ्या जबाबदारीची कामं द्या. कोणत्याही धर्माविरुद्ध किंवा जनतेविरुद्ध घोषणा चालणार नाही, हे आधीच ठरवा आणि तशी घोषणा सुरू झालीच तर ती थांबवायला कोण पुढे होईल, हेही.

प्रत्यक्ष दिवसाच्या तयारीसाठी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीतले संघटक बायर्ड रस्टिन यांचं काम जरूर अभ्यासावं. २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाची आखणी त्यांनी सुमारे दोन महिन्यांत केली आणि अंदाजे अडीच लाख माणसं आली. पाणी, स्वच्छतागृहं, प्रथमोपचार, बसगाड्या उभ्या करायच्या जागा, लोकांनी सोबत कोणतं खाणं आणावं इथपर्यंत त्यांनी विचार केला होता. मैदानात शस्त्राशिवाय व्यवस्था ठेवण्यासाठी सुटीवरच्या पोलिसांना वेगळं प्रशिक्षण दिलं होतं. तुमचा मोर्चा दोनशे माणसांचा असला तरी हेच प्रश्न आहेत: चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्याला मार्ग आहे का, ऐकू न येणाऱ्यासाठी खुणांच्या भाषेचा दुभाषा आहे का, लाउडस्पीकर बंद पडला तर दुसरा कुठे आहे. परवानगीचा कागद छापील प्रतीसह दोघांकडे असावा.

चिथावणीची तालीम मात्र टाळू नका. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या चर्चमध्ये त्याच चळवळीतले जेम्स लॉसन विद्यार्थ्यांना शिव्या आणि धक्के सहन करायला शिकवत होते. विद्यार्थीच एकमेकांचे हल्लेखोर बनत आणि हात न उगारता बसून राहण्याचा सराव करत. फेब्रुवारी १९६० मध्ये कृष्णवर्णीयांना न वाढणाऱ्या उपाहारगृहांतली धरणी सुरू झाली, तेव्हा खरा मार बसला आणि तरीही ती माणसं बसून राहिली. मे महिन्यात तिथल्या उपाहारगृहांनी कृष्णवर्णीयांना वाढायला सुरुवात केली. निव्वळ भाषण ऐकून हा संयम अंगात येत नाही, शरीरालाही त्याची सवय लागावी लागते. एक दुपार राखून ठेवा. कुणी तोंडावर ओरडेल, कुणी फलक फाडेल, कुणी कॅमेरा रोखून वाकडे प्रश्न विचारेल. प्रत्येकानं दोन्ही बाजूंनी उभं राहून बघावं.

वकिलाचा नंबर शाईनं हातावर लिहावा, कारण फोन काढून घेतला जाऊ शकतो. फोनवर बोटाच्या ठशाऐवजी आकडी पासवर्ड ठेवावा. नेहमीची औषधं मूळ पाकिटातच घ्यावीत. घरी मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर परतायला उशीर झाल्यास कोण बघेल, हे शेजारी किंवा नातेवाइकांशी बोलून ठेवा.

आणि मोर्चानंतरचा आठवडा आताच आखा. १५ फेब्रुवारी २००३ रोजी जगभरातल्या शेकडो शहरांत लाखो लोक इराक युद्धाविरुद्ध रस्त्यावर आले, तरी २० मार्चला युद्ध सुरू झालं. एवढ्या मोठ्या गर्दीनंतर पुढचं पाऊल ठरलेलं नसेल तर माणसं हताश होऊन घरी बसतात. म्हणून मोर्चातच नाव, नंबर आणि ‘मी काय करू शकतो’ असा रकाना असलेले कागद फिरवा. दुसऱ्या दिवशी त्या प्रत्येकाला फोन जायला हवा, त्यासाठी फोन करणारे आधी नेमा. लोकप्रतिनिधींना भेटणाऱ्या शिष्टमंडळाची वेळ मोर्चाआधीच मागून घ्या. भेटीत एकानं बोलावं, एकानं टिपणं घ्यावीत आणि निघण्याआधी उत्तर कोणत्या तारखेपर्यंत मिळेल ते विचारावं. ती तारीख आणि मिळालेलं आश्वासन त्याच संध्याकाळी पत्रानं त्यांच्या कार्यालयात पोचवा.